कारण क्रमांक एक : बटण

निंबखेडीच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर बसवलेले यंत्र सत्तावीस दिवसांत सत्तावीस वेळा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाले, आणि सत्तावीसही वेळा त्याने कारण एकच सांगितले : कुणीतरी बटण दाबले. यंत्राला कंठ असता तर एखाद्या दिवशी तरी त्याचा स्वर चाचरला असता. पण त्याच्याकडे होती फक्त दोन ओळींची एक हिरवट काचपट्टी, आणि तिच्यावर उमटणारी अक्षरे चाचरत नाहीत. म्हणून गावाने ती खरी मानली.

यंत्र परभणीच्या औद्योगिक वसाहतीतल्या नीरवाहिनी कंट्रोल्स या कंपनीचे होते. कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड, सहा टेबले आणि मालक शिवप्रकाश अप्पा. टाकी भरेपर्यंत मोटार चालवावी आणि दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी सरपंचांच्या मोबाइलवर एसएमएसने कळवावी, एवढेच यंत्राचे काम. मध्येच काही बिनसून ते नव्याने सुरू झाले, ज्याला त्या शेडमध्ये रीसेट म्हणत, तर खबरदारी म्हणून मोटार बंदच राही. माणसाने येऊन बाहेरची हिरवी कळ दाबली की मगच पाणी पुन्हा चढू लागे.

रीसेट कशामुळे झाला, हे टिपून ठेवण्याचे काम बूटलोडरचे. यंत्र जागे होताच सर्वांत आधी चालणारा हा लहानसा प्रोग्राम. तो डोळे चोळत उठतो, आपल्याला कुणी उठवले हे चिपला विचारतो, मिळालेले उत्तर स्मृतीत नोंदवतो, आणि सगळा कारभार मोठ्या प्रोग्रामच्या हाती सोपवून दिवसभर गप्प बसतो. शेडमध्ये कामाला असलेल्या सिद्धोधनला हा प्रोग्राम मनापासून जवळचा वाटे, कारण माणसांत तोही साधारण असाच वागे. मोठा प्रोग्राम अप्पांनी लिहिलेला होता. बूटलोडर सिद्धोधनने, दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात. त्यात चूक असेल अशी शंका त्याला कधी आली नव्हती. आपल्या अबोलपणालाच तो तेव्हा अचूकपणा समजत असे.

निंबखेडीच्या ग्रामपंचायतीने तीन जणांची समिती नेमली. समितीपुढे दोनच गोष्टी होत्या. यंत्र म्हणते, बटण दाबले. आणि ते रीसेटचे बटण कुलूपबंद पेटीच्या आत असून पेटीची चावी सरपंच बन्सीधररावांच्या करदोड्याला बांधलेली असते. या दोन गोष्टींवरून एखाद्या सामान्य बुद्धीच्या माणसाला यंत्राबद्दल शंका आली असती. समिती सामान्य नव्हती. तिने चहा घेतला, विचार केला आणि निष्कर्ष काढला की पाणी सोडणाऱ्या सुलाबाईने चावीची नक्कल करून घेतली असली पाहिजे. सगळ्या नोंदी दुपारी पाऊण वाजताच्या आसपासच्या होत्या. पाऊण म्हणजे जेवणाची वेळ. घरी जेवायला जाता यावे म्हणून बाई मोटार बंद पाडते आणि खालच्या आळीला पाणी मिळत नाही, असा हेतूही सापडला. बारा वर्षे इमानाने व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या बाईला एक भूक असते, एवढा पुरावा पुरेसा ठरला.

गुरुवारी बैठक घेऊन तिला कामावरून काढायचे ठरले. फक्त कंपनीचा लेखी अहवाल हवा होता.

कंपनीकडे अहवालाचा छापील नमुना तयारच होता. त्याचे नाव ‘कारण अहवाल’. त्यात ‘मूळ कारण’ या चौकटीत चारांपैकी एकावर खूण करायची : बटण, वीज, उंदीर, इतर. ‘इतर’वर खूण केली तर खाली स्पष्टीकरण लिहावे लागे, त्यामुळे कंपनीच्या सात वर्षांच्या इतिहासात ‘इतर’ असे काही घडलेच नव्हते. अप्पांनी सिद्धोधनला सोमवारी सांगितले की निंबखेडीला जाऊन नोंदींचे फोटो आण, बटणावर खूण कर, सही कर. मागच्या वर्षी पूर्णेकडच्या एका गावाला असाच अहवाल दिला होता. तिथे रंगनाथ नावाचा पाणी सोडणारा माणूस बदलला आणि तक्रार कायमची थांबली, याची आठवणही त्यांनी अभिमानाने करून दिली.

सिद्धोधन एसटीने वालूरला उतरला आणि पुढचे चार किलोमीटर ऑटोच्या कडेला लटकत गेला. दोन्ही बाजूंच्या रानांत कापसाची वेचणी चालली होती. वेचून झालेली झाडे काही सांगायचे राहून गेल्यासारखी उभी होती. पंपघराच्या दारात सुलाबाई बसली होती. पन्नाशीची, उभट चेहऱ्याची, हातात व्हॉल्व्हची लोखंडी किल्ली. खिळ्याला तिचा डबा टांगलेला होता. सिद्धोधनने काचपट्टीवरच्या नोंदी एकेक करून पुढे सरकवल्या, फोटो काढले, आणि जमेल तेवढे तिच्याकडे पाहायचे टाळले.

“सायेब, एक इचारू का?” तीच म्हणाली. “ते बटण कुठंशीक असतंय?”

“आत आहे, मावशी. पेटीत.”

“कुलपाच्या आत?”

“हो.”

“मंग दाखवा की. ज्याच्यापायी मला काढायलेत, ते एकदा बगावं तरी.”

चावी सरपंचांच्या करदोड्याला होती आणि सरपंच सेलूला गेले होते. त्यामुळे बटण पाहणे आरोपीलाही शक्य नव्हते आणि ते जिथे आहे तिथे बसवणाऱ्या कंपनीच्या माणसालाही. मग सुलाबाईने सांगितले की मोटार बंद पडली की ती हिरवी कळ दाबते, हे खरे आहे आणि सगळ्या गावाने पाहिलेले आहे. कंपनीच्याच माणसाने तिला तसे शिकवले होते. बंद पडलेले सुरू करणारी बाईच बंद पाडते, असा अर्थ लोकांनी त्यातून का काढला ते तिला कळत नव्हते. जेवायचे म्हणाल तर ती घरी जातच नसे. तिने खिळ्यावरच्या डब्याकडे नुसती मान वळवली.

सिद्धोधनला काही बोलता आले नाही. तसे ते त्याला कधीच येत नसे. पण त्या दिवशी प्रथमच त्याला आपल्या गप्प बसण्याची लाज वाटली.

मंगळवारी सकाळी त्याने तसेच एक यंत्र टेबलावर मांडले. वीज काढून पुन्हा दिली. काचपट्टी म्हणाली : कारण १, बटण. त्याने विजेचा दाब हळूहळू उतरवत नेला. यंत्र कोमेजले, विझले, उठले आणि म्हणाले : बटण. त्याने प्रोग्रामला स्वतःच नव्याने सुरू होण्याची आज्ञा केली. बटण. शेवटी त्याने प्रोग्राम मुद्दाम अडकवून ठेवला. अशा वेळेसाठी चिपमध्ये एक पहारेकरी असतो, त्याला वॉचडॉग म्हणतात. प्रोग्रामने ठरावीक सेकंदांत ‘मी जागा आहे’ असे कळवले नाही, तर तो सगळ्या यंत्रालाच हलवून उठवतो. पहारेकऱ्याने चोख काम केले. यंत्र उठले आणि म्हणाले : बटण.

शेजारच्या टेबलावर बिले करणारी त्रिवेणी बराच वेळ हे पाहत होती. तिने मान वर न करता सुचवले, “ते बटणच काढून टाक की. बघू मग कोणाचं नाव सांगतंय.”

ती थट्टा करत होती. सिद्धोधनला थट्टा आणि सूचना यांतला फरक नेहमीच उशिरा कळे. त्याने सोल्डरिंग गन तापवली आणि बटण उपटून काढले. आता टेबलावर एका बाजूला यंत्र होते आणि दुसऱ्या बाजूला वाटीत पडलेले एकटे बटण. त्याने प्रोग्राम पुन्हा अडकवला. नऊ सेकंदांनी यंत्र जागे झाले आणि अंगावर नसलेले बटण आपल्याला कुणीतरी दाबले, असे त्याने शांतपणे सांगितले.

त्रिवेणीने पेन खाली ठेवले. “हे तर आपल्या अप्पांसारखं बोलायलंय,” ती म्हणाली.

कारण चिपच्या पुस्तिकेत होते, तळटीपेत, बारीक अक्षरांत. चिप कोणत्याही कारणाने उठली तरी आतल्या आत बटणाचीच तार खाली ओढते, म्हणजे बटण दाबल्यासारखेच करते. त्यामुळे खऱ्या कारणाच्या खुणेबरोबर बटणाची खूणही प्रत्येक वेळी उमटतेच. म्हणून आधी बाकीची कारणे तपासावीत, आणि दुसरे काहीच सापडले नाही तरच बटण म्हणावे. सिद्धोधनने दोन वर्षांपूर्वी पहिला प्रश्न बटणाचाच विचारला होता, आणि पहिल्याच होकाराला समाधान मानून पुढचे काही विचारले नव्हते. शिवाय विचारून झाल्यावर सगळ्या खुणा पुसूनही टाकल्या होत्या, टापटीप म्हणून. खरे कारण रोज दुपारी चिपच्या ओठांवर येत होते आणि रोज त्याचाच हात ते पुसत होता.

तो आपल्या बूटलोडरमधल्या त्या चार ओळींकडे पाहत बसला. वर त्याचे नाव होते आणि तारीख. समितीला तो दोन दिवस मनातल्या मनात हसत होता. समितीने निदान चहा तरी घेतला होता.

उरलेले उलगडायला तासभरही लागला नाही. फोनवर चौकशी केल्यावर कळले की दुपारी पाऊण वाजायच्या सुमारास निंबखेडीच्या मोबाइल टॉवरची वीज पाळीने दहाएक मिनिटे जाई; पंपाची लाईन वेगळी असल्याने मोटार चालूच राही. टॉवर झोपला की यंत्राचा एसएमएस जात नसे, आणि अप्पांचा प्रोग्राम पोच मिळेपर्यंत वाट पाहत उभा राही. किती वेळ, याला मर्यादा नव्हती; शेवटी पहारेकरी यंत्रालाच हलवून उठवी. त्या ओळीवर अप्पांनी शेरा लिहिलेला होता : ‘सध्यापुरते’. शेऱ्याला तीन वर्षे झाली होती.

अप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. कपाळावरच्या भस्माला रुमाल न लागू देता त्यांनी घाम टिपला, आणि खुर्ची ओढायला सांगितली.

“हे बघ सिद्धोधन, बटण म्हणजे माणूस. माणूस बदलता येतो. प्रोग्राम बदलायचा म्हणजे अकरा गावं फिरावं लागतंय. आन् वरून बन्सीधररावांच्या शब्दावर चाळीस गावांचं काम मिळायचंय आपल्याला. त्यात आपणच लिहून द्यायचं का, आमचं यंत्र अडकतंय म्हणून?”

सिद्धोधन पुटपुटला की सुलाबाईची चूक नाही.

“मी कुठं म्हणतोय तिची हाय? मी म्हणतोय, अहवालात बटण हाय. आन् बूटलोडर कुणाचा?” अप्पांनी आवाज आणखी मऊ केला. “तुझा. मग खरं कारण लिहिलं तर कागदावर नाव कुणाचं येईल?”

हे बरोबर होते. अप्पा चुकीचे क्वचितच बोलत. फक्त बरोबर गोष्टी चुकीच्या क्रमाने मांडत. तो क्रम आता सिद्धोधनला ओळखता येऊ लागला होता. अप्पांनी उदारपणे सांगितले की पुढच्या यंत्रांत दोन्ही दुरुस्त्या गुपचूप करून टाकू, आणि गुरुवारी पेटीला कंपनीचे सील लावायला तू बरोबर चल. सिद्धोधनने मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, हे अप्पांनी विचारले नाही. पहिल्या खुणेवर समाधान मानायची सवय साऱ्या शेडलाच होती.

बुधवारी त्याने त्या चार ओळींचा क्रम बदलला आणि नोंदीत एक नवे वाक्य घातले. काचपट्टीच्या एका ओळीत सोळाच अक्षरे मावत. कॉलेजात असताना त्याने वह्याच्या वह्या कविता लिहिल्या होत्या आणि कुणालाही दाखवल्या नव्हत्या. हे वाक्य मात्र साऱ्या गावापुढे जाणार होते, म्हणून ते जुळवायला त्याला सबंध दुपार लागली. अप्पांच्या प्रोग्रामला त्याने हातही लावला नाही. तो त्याला जसाच्या तसा हवा होता.

गुरुवारी पंपघराच्या सावलीत सतरंजी अंथरली होती. बन्सीधररावांनी करदोड्याची चावी सोडवून पेटी उघडली, तेव्हा आतल्या बटणावर कोळ्याने विणलेले जाळे होते. दाट, मळकट, निदान दोन हंगामांचे. सिद्धोधनला ते दिसले. बाकी कुणी पाहिले नाही. पाहायचे कारण कुणाला नव्हते, निकाल आधीच लागलेला होता. फक्त सुलाबाई उठून आली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिने डोकावून पाहिले.

“एवढंसं?” ती म्हणाली, आणि परत जाऊन सतरंजीच्या कडेला बसली.

नोंदी काढून घेतो, असे सांगून सिद्धोधनने लॅपटॉप जोडला. हे त्याचे आयुष्यातले पहिले धडधडीत खोटे असावे, आणि ते इतके सहज निघाले की त्याला स्वतःबद्दल थोडी काळजी वाटली. पाच मिनिटांत नवा बूटलोडर आत बसला. मग त्याने पेटी बंद केली, बन्सीधररावांनी कुलूप घातले, कुलपावर त्याने सील लावले आणि चावी पुन्हा करदोड्याला गेली. मोटार सुरू झाली.

बैठक सव्वाबाराला सुरू झाली. समितीचा अहवाल वाचून झाला. चावीची नक्कल कोणत्या गावी केली असावी यावर दोन मते पडली, मानवत आणि सेलू. मग अप्पा उठले. ते छान बोलत. यंत्र माणसासारखे खोटे बोलत नाही, त्याला नातीगोती नसतात, ते फक्त पाहिलेले सांगते, असे ते सांगत होते आणि लोक माना डोलावत होते. सुलाबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून, मोटारीच्या आवाजाकडे कान देऊन बसली होती. बारा वर्षांच्या सवयीने तो आवाज तिला भाषणापेक्षा जास्त कळत होता.

मागे बसलेल्या कुणाच्या तरी मोबाइलवर चाललेले गाणे मध्येच थांबले. टॉवर गेला, असे तो शेजाऱ्याला म्हणाला. सिद्धोधनने घड्याळ पाहिले. अप्पा ‘पारदर्शकता’ या शब्दापर्यंत आले होते.

मोटार थांबली.

आवाज बंद झाला तशा सगळ्यांच्या माना सवयीने सुलाबाईकडे वळल्या. ती सतरंजीवर होती. हात मांडीवर होते. मग माना पेटीकडे वळल्या. तिला कुलूप होते आणि कुलपावर सील. मग बन्सीधररावांकडे वळल्या, आणि सरपंचांनी नकळत करदोडा चाचपून पाहिला.

सगळे पंपघरात शिरले. काचपट्टीवर लिहिले होते :

कारण ४
प्रोग्राम अडकला

“अडकला म्हंजे?” बन्सीधररावांनी विचारले. “आन् बटण?”

अप्पांनी सिद्धोधनकडे पाहिले. त्या नजरेत पगार, अनुभवाचा दाखला आणि परभणीतल्या उरलेल्या साऱ्या शेड्सची दारे होती. सिद्धोधनने बोलायला तोंड उघडले तेव्हा पहिले दोन शब्द हवेतच गेले. तिसरा ऐकू आला.

“बटण कुणीच दाबलं नव्हतं. सत्तावीस वेळांतलं एकदाही नाही. यंत्र कशानंही बंद पडलं तरी बटणच सांगत होतं. ती चूक माझी आहे. ते मी लिहिलंय.” एवढ्यावर त्याचा श्वास संपला. तो पुन्हा घेऊन त्याने पुरवणी जोडली, “आणि अडकतो तो मोठा प्रोग्राम. टॉवर गेला की...”

“आन् हेच,” अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, “हेच दाखवायला आज मुद्दाम आलो आमी. चूक झाली तर स्वतःच्या तोंडानं सांगणारं यंत्र! दुसरी कुठली कंपनी देते सांगा, बन्सीधरराव?”

बन्सीधररावांना अशी दुसरी कंपनी आठवेना. प्रभावित होऊन ते काचपट्टीकडे पाहत राहिले. चाळीस गावांच्या कामात ही सोय जादा म्हणून धरावी, अशी बोलणी पंपघराबाहेर पडता पडताच सुरू झाली. समितीनेही अंग काढून घेतले नाही. सुलाबाईला कामावर ठेवावे आणि चावीच्या नकलेचा मुद्दा पुढील बैठकीपर्यंत राखून ठेवावा, असा ठराव तिने एकमताने केला. घडलेच नाही ते सिद्ध करायला समितीला अजून थोडा अवधी हवा होता.

सगळे बाहेर गेले तरी सुलाबाई जागची हलली नाही. तिने हिरवी कळ दाबली. मोटार घरघरली, पाण्याने पाइपात घसा साफ केला.

“त्या सत्तावीस नोंदीचं काय?” तिने विचारले. “आत हायतच की त्या अजून.”

“पुसता येतील, मावशी.”

“पुसू नकोस. पुसलं तर म्हणतील, हिनंच पुसाय लावलं. त्याच्याखाली खरं काय ते लिव.”

सिद्धोधनने पिशवीतून ‘कारण अहवाल’ काढला. ‘इतर’च्या चौकटीत खूण केली, कंपनीच्या इतिहासातली ती पहिलीच. खाली लिहिले : ‘बटण एकदाही दाबले गेलेले नाही. बूटलोडरने कारणे चुकीच्या क्रमाने तपासली. सुलाबाईंचा यात काही दोष नाही.’ सही केली, आणि सहीखाली पूर्ण नाव लिहिले, सुवाच्य. सुलाबाईने कागद हातात घेऊन ओठ हलवत वाचला. स्वतःच्या नावापाशी थोडी थांबली. मग घडी करून तो डब्याच्या झाकणात ठेवला.

“मी दाबलं असतं तर मला बोट तरी लागलं असतं,” ती म्हणाली. “तू तेवढ्याबिगर महिनाभर मला चोर केलंस, लेकरा.”

त्याला क्षमा मागायची होती. ती शब्दांत बसवेपर्यंत सुलाबाईने डबा सोडला, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्यापुढे धरला. तो दाराच्या उंबऱ्यावर टेकला. दोघे जेवले. पाऊण केव्हाच होऊन गेला होता.

बाहेर अप्पा गाडीचा हॉर्न वाजवत होते. सिद्धोधनने पिशवी उचलली. तिच्यात कोऱ्या अहवालांचा गठ्ठा होता, आणि बाकीच्या दहा गावांतली दहा यंत्रे या घटकेला एकच कारण सांगत होती. पूर्णेकडच्या त्या गावातून तक्रार का थांबली असेल, हे आता त्याला कळले. रंगनाथच्या जागी आलेला माणूस शहाणा असावा. मोटार बंद पडली की तो निमूटपणे हिरवी कळ दाबत असेल आणि कुणाला काही सांगत नसेल.

गाडीने वालूर मागे टाकल्यावर अप्पांनी विचारले की उद्या सकाळी चाळीस गावांचे कोटेशन करायला बसायचे ना.

“उद्या मी पूर्णेला चाललोय, अप्पा,” सिद्धोधन म्हणाला. या वेळी पहिला शब्दही ऐकू आला.

गठ्ठ्यातला वरचा कागद त्याने गुडघ्यावर ठेवला, आणि गाडीच्या धक्क्यांनी अक्षर हलत असतानाही ‘इतर’वर खूण केली.